एका सुताची जागा

चाकाच्या आत किती जागा असते, असा प्रश्न तुम्हाला कधी पडलाय? मलाही नव्हता पडला. आता मात्र रस्त्यात उभ्या असलेल्या प्रत्येक गाडीच्या आऱ्यांमधून मी आत डोकावून बघतो. घरचे वैतागलेत.

माझी गाडी जुनी मारुती एस्टीम. हे मॉडेल आलं 1994 साली. इंजिन अजून खणखणीत आहे, पण ओतूर-मढ मागं टाकून माळशेज उतरायला लागलं की ब्रेक दमायचे. मागं कल्याणला निघालेला भाजीचा ट्रक, पुढं वळण, आणि पेडल जरा जास्तच खोल! चकती तापली की पॅडची पकड सैल होते आणि जुन्या ब्रेक ऑइलमध्ये ओलावा मुरलेला असेल तर ते उकळतं. ताजं डॉट 3 उकळायला 205 अंश लागतात. ओलावा धरलेलं 140 लाच हात टेकू शकतं. मोठी, मधून हवा खेळणारी चकती हीच उष्णता सहज पचवते. म्हणून मोठ्या गाडीची चकती आणि कॅलिपर आणले आणि नारायणगावच्या एका गॅरेजात बसवायला दिले.

सगळं बसलं. चाक चढवलं. मिस्त्री म्हणाले, "भाऊ, चाक बसतंय, पण फिरत नाय."

कॅलिपर रिमला आतून घासत होतं! भोवतीच्या मंडळींनी लगेच सल्ले दिले. एक म्हणाला, कॅलिपरवर ग्राइंडर मारा. दुसरा म्हणाला, स्टडवर वॉशर सरकवा. दोन्ही सल्ले घाटाच्या दरीत टाकण्याच्या लायकीचे. ज्या ओतीव धातूवर पेडलचा सगळा जोर येतो तो तासायचा? आणि चाक हबला पूर्ण टेकूच द्यायचं नाही? मिस्त्री दोघांकडेही न बघता म्हणाले, "पोरांची खेळायची माती आणा."

आणि मग जे बघितलं त्यानं मी खुळाच झालो! कॅलिपरच्या पाठीवर आणि आऱ्यांकडच्या तोंडावर मातीचे गोळे थापले. चाक हलकेच चढवलं, नट हातानं आवळले, चाक जाईल तेवढं फिरवलं, उतरवलं. आऱ्यांकडचा गोळा दबून पातळ झाला होता. तिथं व्हर्नियर लावला की मोकळी जागा थेट मिलीमीटरमध्ये! पाठीवरचा गोळा मात्र साफ खरवडला गेला होता, खालचा धातू चमकत होता.

म्हणजे अडचणी दोन असतात, आणि त्यांचे उपाय वेगळे. कॅलिपरचं तोंड आऱ्यांना लागत असेल तर चाक बाहेर सरकवायचं. रिमवर ईटी 45 असा, चाक हबवर किती आत बसतं हे सांगणारा आकडा कोरलेला असतो. त्याऐवजी ईटी 38 चं रिम घेतलं की आरे 7 मिलीमीटर बाहेर येतात. हबच्या मापाचा अखंड स्पेसरही चालतो, पण मग लांब स्टड हवेत. 12 मिलीमीटरच्या स्टडवर नट निदान 12 मिलीमीटर चढलाच पाहिजे. पण कॅलिपरची पाठ रिमच्या गोलाईला लागत असेल तर? चाक कितीही बाहेर ओढा, गोलाई काही वाढत नाही! तिथं मोठं रिमच हवं. तेरा इंचाचं चौदा केलं की त्रिज्येत 12.7 मिलीमीटर मिळतात. माझं दुखणं हेच होतं. टायर 175/70 आर 13 चे 175/65 आर 14 केले. बाहेरचा व्यास जेमतेम 8 मिलीमीटरनं वाढला.

"किती फट ठेवायची?" मी विचारलं. "एक सूत." म्हणजे तीन मिलीमीटरला थोडी जास्तच. आणि मोजायची ती नवे पॅड घालून, कारण आमच्यासारख्या सरकत्या कॅलिपरचं तोंड पॅड झिजतील तसं आऱ्यांपासून आत जातं. नव्या पॅडलाच फट सगळ्यात कमी असते. किती साधं, आणि किती हुशार! व्हील बॅलन्सिंगला आतून चिकटवलेलं शिसंही कॅलिपरला लागू शकतं, हे तर माझ्या स्वप्नातही आलं नसतं. स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून ब्रेकचा होज ताणत नाही ना, टायर कुठं घासत नाही ना, तेही बघितलं.

परवा माळशेज उतरलो. दुसऱ्या गिअरमध्येच, कारण मोठे ब्रेक म्हणजे घाटात गिअर सोडायचा परवाना नव्हे. पेडल खालपर्यंत एकाच उंचीवर! मोठ्या चकतीनं गाडी जादूनं लवकर थांबते असं मात्र समजू नका. एका जोरदार ब्रेकला शेवटी टायरचीच पकड कामी येते. फरक पडतो तो पुन्हापुन्हा ब्रेक लावताना.

तर जुन्नर-आंबेगावच्या जुन्या गाडीवाल्यांनो, ब्रेकवर पैसे घालण्याआधी गाडीच्या कागदांवर अशा बदलाचा काय परिणाम होतो हे आरटीओत विचारा. मग हवं असलेलं कॅलिपर तासाभरासाठी मागून आणा आणि पोरांच्या खेळण्यातली माती उचला. रिम विकत घ्यायचं ते त्यानंतर.