आत्याचा हेका

नोव्हेंबर १९८२ मध्ये विनोबांनी पवनारला अन्न, पाणी, औषध सोडलं. इंदिरा गांधी येऊन भेटून गेल्या, डॉक्टरांनी विनवलं, पण ते ढळले नाहीत. १५ तारखेला, ऐन दिवाळीत गेले. वर्ध्यातल्या बहुतेकांसारखा मीही त्याला तपच म्हणत आलो. पाहुण्यांना आश्रम दाखवताना तर फार रंगवून सांगायचो.

माझ्या आत्याने देवधर्म केव्हाच सोडला होता. एकादशीला हमखास कांदा खायची, वर मला आग्रह करायची. ऐंशी ओलांडल्यावर कॅन्सर झाला, पोटभर पसरला. एके दिवशी तिने ताट सरकवलं. ‘बस झालं आता. मले नको.’

हा मला हेका वाटला. ‘त्यांच्या मनाने घ्या,’ असं डॉक्टरांनी सुचवूनही मी सही करून नाकातून नळी घालायला लावली. तिने ती उपसली, तेव्हा हात बांधायलाही हो म्हटलं.

‘विनोबाले घातली होती का रे नळी?’

‘ते संत होते, आत्या.’

इतकं निर्लज्ज उत्तर मी दुसरं दिलं नसेल. तिने तोंडाने रामनाम घेतलं असतं, तर मी पाया पडलो असतो.

साबरमतीला १९२८ मध्ये तडफडणाऱ्या वासराला गांधीजींनी मरणाची सुई देववून सोडवलं, तेव्हा धर्माच्या नावाने त्यांच्यावर केवढा गहजब झाला! ते वासरू मुकं होतं. आत्या तर बोलत होती. अन्नपाणी सोडून मरण स्वीकारण्याच्या जैनांच्या व्रताला, संथाऱ्याला, २०१५ मध्ये राजस्थान उच्च न्यायालयाने आत्महत्या ठरवलं आणि त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. न्यायाधीशांना जे अवघड गेलं, ते मी उभ्या उभ्या निकालात काढलं.

जेवण नाकारणारा प्रत्येक जण विचारानेच नाकारतो, असंही नाही. कधी मन खचलेलं असतं आणि ते औषधाने सावरतं. म्हणून तर ती का नको म्हणतेय, हे विचारायला हवं होतं. मी तिची श्रद्धा मोजत बसलो.

असाध्य आजारात जीव लांबवणारे कृत्रिम उपचार नाकारण्याची इच्छा आधीच लिहून ठेवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्य केलं. २०२३ पासून त्यासाठी दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. घरात थकलेलं माणूस असेल, तर ते बोलतंय तोवर विचारा आणि कागद करून ठेवा.