‘आ’ करा आणि खरं बोला!

आमच्या क्लिनिकमध्ये दोन प्रकारचे पेशंट्स येतात. एक, ज्यांचा दात दुखतोय. आणि दुसरे, ज्यांचं लग्न ठरलंय! हिंजवडीच्या वाटेवर क्लिनिक असल्यामुळे दोघांच्याही खांद्याला लॅपटॉपची बॅग असतेच. मी फॉर्म पुढे सरकवते. बीपी, डायबेटिस, ॲलर्जी... इथपर्यंत पेन भराभर चालतं. ‘तंबाखू, सुपारी, सिगारेट, दारू, इतर काही?’ या ओळीवर मात्र ते अडतं. एक नजर सोफ्यावर बसलेल्या आईकडे (किंवा होणाऱ्या बायकोकडे!) जाते आणि उत्तर ठरलेलं : नाही.

मंडळी, गंमत अशी की पुढच्या पाच मिनिटांत मी तुमच्या तोंडात टॉर्च मारणार असते. जीभ खोटं बोलू शकते, तोंड नाही. जिथे रोज तंबाखूचा बार भरला जातो, तिथली त्वचा पांढुरकी, सुरकुतलेली दिसते. सिगारेटवाल्यांच्या दातांवर आतल्या बाजूने तपकिरी थर असतो. आणि ‘माझ्या हिरड्यांतून कधी रक्त येत नाही’ हे अभिमानाने सांगणाऱ्या स्मोकर्ससाठी एक वाईट बातमी. सिगारेटमुळे हिरड्यांचा रक्तपुरवठा कमी होतो, त्यामुळे आजार आतून वाढत असला तरी रक्त दिसत नाही. म्हणजे अलार्मच बंद!

‘पण मॅडम, दात काढायला या चौकशा कशाला?’ असं बरेच जण विचारतात. उत्तर सोपं आहे. दात काढल्यावर सिगारेट ओढली, तर जखमेवरची रक्ताची गाठ टिकत नाही आणि मग जे ठणकतं ना, ते मूळ दुखण्यापेक्षा भारी असतं. रोजच्या दारूने लिव्हर बिघडलं असेल, तर रक्त लवकर थांबत नाही. आणि आदल्या रात्री पार्टीत कोणी कोकेन घेतलं असेल, तर भुलीच्या इंजेक्शनमधलं ॲड्रिनलिन हृदयाला झेपेलच असं नाही. थोडक्यात, प्रश्न तुमच्या कॅरेक्टरचा नसतो, माझ्या इंजेक्शनचा असतो.

डेंटल कॉलेजमध्ये आमच्या सरांचा एक नियम होता : चेहरा बघून विचारायचं नाही, सगळ्यांना विचारायचं. हा नियम पाळणं वाटतं तितकं सोपं नाही. पेशंट दुखावला तर उद्या समोरच्या क्लिनिकमध्ये जाईल, ही धाकधूक असतेच. पण दोन वर्षांपूर्वी आलेल्या एका पेशंटमुळे तो नियम मला कायमचा पटला.

वय २९, टीम लीड, अंगात मॅरेथॉनचा टी-शर्ट. क्लीनिंगसाठी आला होता. फॉर्मवर सगळीकडे ‘नाही’. मी सहज विचारलं, ‘तिखट खाल्लं की झोंबतं का?’ तो म्हणाला, ‘हो ना! वर्षभर मिसळ सोडलीये. ॲसिडिटी असेल.’ मी त्याला स्वतःची तीन बोटं उभी धरून तोंडात घालायला सांगितलं. दोनच गेली. गालाच्या आत हात लावला, तर दोरीसारखे कडक पट्टे. होणाऱ्या बायकोला मी बाहेर थांबायला सांगितलं आणि पुन्हा विचारलं. तो हळूच म्हणाला, ‘नाइट शिफ्टला जागं राहायला मावा... पण आता तंबाखू नाही मॅडम, नुसती सुपारी.’

‘नुसती सुपारी’ हीच तर खरी भानगड आहे. या आजाराला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात आणि त्याचं मुख्य कारण सुपारीच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २००४ मध्येच तंबाखूविरहित सुपारीलाही कॅन्सरकारक ठरवलंय. आपल्याकडे गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण साध्या सुपारीची भीती कोणालाच वाटत नाही. तोंड हळूहळू उघडेनासं होतं. कडक झालेली त्वचा पुन्हा पहिल्यासारखी होत नाही आणि पुढे कॅन्सरचा धोका राहतो. सुपारी थांबवली तर निदान तिथेच ब्रेक लावण्याची संधी असते.

त्याने थांबवली. एका फटक्यात नाही, दोनदा घसरून. आता दर तीन महिन्यांनी येतो, तोंड उघडण्याचे व्यायाम करतो आणि मी पट्टीने मोजते. मागच्या वेळी ३१ मिलिमीटर भरलं. आला तेव्हा २७ होतं. चार मिलिमीटरसाठी एवढा आनंद मला दुसऱ्या कशानेच झालेला नाही!

तर आज रात्री ब्रश करताना आरशासमोर ती तीन बोटं घालून बघाच. गालात पांढरा-लाल चट्टा किंवा दोन आठवड्यांत न भरलेली जखम दिसली, तर डेंटिस्ट गाठा. सोडायचं असेल, तर १८००-११-२३५६ ही सरकारी क्विटलाइन फुकट आहे. आणि फॉर्मवरच्या त्या ओळीपाशी खरं लिहा. आम्ही लेक्चर देणार नाही, एचआरला कळवणार नाही. आणि आई सोबत असेल तर फक्त डोळ्यांनी खुणवा. तिला बाहेर बसवायची जबाबदारी आमची!