मॅम टॉरच्या पार्किंगवरून

उन्हाळा लागला की आपल्या मँचेस्टर-शेफिल्डकडच्या मंडळींत तोच विषय निघतो. मॅम टॉरला पार्किंग मिळत नाही, मिळालं तर पैसे पडतात. परवा एकाने विचारलं, "नॅशनल पार्क म्हणजे सरकारची जागा ना? मग पैसे कसले?"

सरकारची नाही हो. बोरिवलीचं नॅशनल पार्क डोळ्यांसमोर आणू नका. पीक डिस्ट्रिक्टमध्ये गावं आहेत, शेतं आहेत, मेंढ्या आहेत, आणि बहुतेक जमीन खासगी मालकीची. मॅम टॉर नॅशनल ट्रस्ट या धर्मादाय संस्थेकडे आहे. वरपर्यंतची फरसबंद वाट आपोआप टिकत नाही. डोंगर इतका ठिसूळ की त्याच्या कुशीतून जाणारा ए६२५ रस्ता खचून खचून १९७९ मध्ये कायमचा बंद झाला. आता गाड्या विनॅट्स पासच्या अरुंद खिंडीतून जातात. तिथे कडेला गाडी ठोकून दिली की मागून येणारी ॲम्ब्युलन्स कुठून जाणार?

मॅम टॉरवरून समोर दिसतो तो किंडर स्काउट, ६३६ मीटर. एकेकाळी तो उमरावांच्या पक्षी-शिकारीसाठी राखीव होता, सामान्यांना मज्जाव. २४ एप्रिल १९३२ रोजी शेकडो तरुण, त्यात बरेच कामगार, मुद्दाम त्यावर घुसले. पाच जण तुरुंगात गेले. म्होरक्या बेनी रोथमन, वय वर्षं २०, त्याला चार महिने. पुढे १९४९ चा कायदा आला आणि १९५१ मध्ये ब्रिटनमधलं पहिलं नॅशनल पार्क इथेच झालं. तरी आजही इंग्लंडच्या जेमतेम ८ टक्के जमिनीवर मोकळं फिरायचा हक्क आहे!

म्हणून ते डिस्पोजेबल बार्बेक्यू पाहिले की डोकं फिरतं. वरची काळी माती म्हणजे पीट, हजारो वर्षं साठलेलं शेवाळ. ते आतल्या आत दिवसेंदिवस धुमसतं. २०१८ च्या जूनमध्ये सॅडलवर्थची आग विझवायला लष्कर आलं होतं. गिरण्यांच्या धुराने मेलेलं शेवाळ लोक आज हाताने पुन्हा लावतायत, आणि आपण तिथे कणसं भाजणार?

(कुत्रेवाल्यांनो, मोकळ्या माळावर १ मार्च ते ३१ जुलै पट्टा लावायचा, कायदाच आहे.)

पिकॅडिलीहून आणि शेफिल्डहून ईडेलला थेट ट्रेन आहे. तिथून मॅम टॉर चालत गाठता येतो. येत्या शनिवारी सकाळी जातोय. थालीपीठं मी आणतो, चहाचा थर्मास कुणीतरी घ्या. कोण कोण येतंय, खाली लिहा.