घरची गाडी, धंद्याचा हिशेब

वाचकहो, दाराशी स्वतःची चारचाकी असणे ही आता खेड्यातही नवलाई राहिलेली नाही. पण त्या एकाच गाडीतून घरधनी धंद्याला जातो, सासूबाई दवाखान्यात जातात, माहेरच्या लग्नाला सगळे घर जाते आणि सुगीत तीच गाडी रानात डबे पोचवते. अशा वेळी ही गाडी नेमकी कुणाच्या पैशावर चालते, हे फारसे कुणी विचारत नाही. मी विचारले. उत्तर शोधताना जे हाती लागले, ते तुमच्यापुढे ठेवते.

आमची तीन एकर जमीन. तेवढ्यावर भागत नाही, म्हणून हे विहिरीवरच्या आणि बोअरच्या मोटारी दुरुस्त करतात. बाजारच्या गावात लहानसे दुकान आहे. पण पिकाला पाणी चालू असताना मोटार बंद पडली की रात्री-अपरात्री फोन येतो आणि ह्यांना वस्तीवर जावेच लागते. त्यासाठी २,४०,००० रुपयांना जुनी व्हॅन घेतली. धंदा वाढला, ह्यांच्या खिशात रोज नोटा दिसू लागल्या. तरीही महिनाअखेर पेट्रोलला पैसे कमी पडत आणि ते माझ्या दोन म्हशींच्या दुधाच्या बिलातून जात. ते पैसे मी थोरलीच्या नर्सिंगच्या शिक्षणासाठी बाजूला टाकत होते. धंदा जोरात आहे असे गाव म्हणत होते, आणि त्या धंद्याला वैरण घालत होत्या माझ्या म्हशी!

भांडून काही निघणार नव्हते. मी एक शंभर पानी वही आणली, रेघा मारल्या आणि पेन्सिल बांधून गाडीत ठेवली. तारीख, निघतानाचा काट्यावरचा आकडा, परतल्यावरचा आकडा, कुठे गेलो आणि कशासाठी. शेवटच्या रकान्यात एकच शब्द लिहायचा: धंदा, घर किंवा शेत. सुरुवातीला हे हसले. पण लिहायला अर्धे मिनीटच लागते, म्हणून पुढे सवय झाली.

वर्षाअखेर बेरीज केली. गाडी १२,००० किलोमीटर फिरली होती. त्यांतले ९,००० धंद्याचे आणि ३,००० घराचे नि शेताचे. म्हणजे पाऊण गाडी धंद्याची, पाव गाडी घरची.

मग खर्च मांडला. पेट्रोल लिटरला १०५ रुपये धरले आणि गाडी लिटरला १५ किलोमीटर जाते, म्हणजे किलोमीटरला ७ रुपये. बहुतेकांचा हिशेब इथेच थांबतो. पण गाडी दर वर्षी जुनी होते. सहा वर्षांनी विकली तर ९०,००० येतील असे धरले. म्हणजे १,५०,००० रुपयांची घट, वर्षाला २५,०००. विम्याचे ९,०००. टायर, ऑइल, दुरुस्ती मिळून १६,०००. हे झाले ५०,०००. त्याला १२,००० किलोमीटरने भागले की आणखी चार रुपये आणि वर काही पैसे. थोडक्यात, गाडी एक किलोमीटर हलली की घरातून ११ रुपये जातात.

आता पाहा. चौदा किलोमीटरवरच्या वस्तीवर जाऊन यायचे म्हणजे २८ किलोमीटर, ३०८ रुपये. स्टार्टर दुरुस्तीचे हे ४०० रुपये घेत. राहिले ९२. त्यासाठी अर्धा दिवस आणि अर्धी झोप! चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात तो हाच.

मी वही ह्यांच्यापुढे ठेवली. बराच वेळ पाहून म्हणाले, "अगं, ही सगळी ओळखीची माणसं. पीक डोळ्यादेखत वाळत असतं. येण्याचे पैसे कुठल्या तोंडानं मागू?"

मी म्हटले, "अहो, पाणी त्यांच्या पिकाला मिळायलाच हवं. पण त्यासाठी आपल्या पोरीची फी का जावी?"

हे काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी दुकानात पाटी लागली. पाच किलोमीटरच्या आत येण्याचा आकार नाही. त्यापुढे जाऊन-येऊन किलोमीटरला ११ रुपये, आणि ते फोनवरच आधी सांगायचे. एका वाटेवरची दोन कामे असली तर खर्च दोघांत वाटायचा. एक-दोन जण रागावले. पण बहुतेकांनी, आधी सांगितले हे बरे झाले, असेच म्हटले. अगदी नडलेल्या माणसाला हे आजही सूट देतात, मात्र सोडलेली रक्कम वहीत लिहितात. उपकार जरूर करावेत, पण किती केले ते घराला ठाऊक असावे. भीड भिकेची बहीण, हे आपल्या वाडवडिलांनी उगीच म्हटलेले नाही.

ही वही कराच्या कामीही येते. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, पण मोटार दुरुस्तीचे उत्पन्न शेतीचे नव्हे. धंद्याचा खरा नफा काढताना गाडीचा खर्च वजा होतो, तोही फक्त धंद्याच्या वाट्याचा. गाडीची घट वर्षाला शंभरी १५ या दराने धरतात. आमच्या गाडीची पहिल्या वर्षाची घट ३६,००० रुपये. तिचा पाऊण हिस्सा, २७,००० रुपये, धंद्याचा. रानात डबे पोचवायला गेलेली फेरी यात घालता येत नाही. लहान धंद्यांसाठी दुसरीही वाट आहे: रोखीच्या उलाढालीवर शंभरी ८ आणि बँकेतून आलेल्या रकमेवर शंभरी ६ इतका नफा धरून कर भरायचा. ती वाट धरली तर गाडीचा खर्च वेगळा मागता येत नाही. कोणती वाट सोयीची, ते करसल्लागाराला विचारा. पण विचारायला जाताना हातात वही असू द्या.

आता विम्याचे. पांढऱ्या पाटीवर काळी अक्षरे ही खासगी गाडी. पिवळ्या पाटीवर काळी अक्षरे ही धंद्याच्या वाहतुकीची. खासगी गाडीच्या विम्याच्या कागदावर स्पष्ट लिहिलेले असते की भाड्याने किंवा मोबदला घेऊन केलेला वापर आणि मालाची वाहतूक त्यात बसत नाही. नमुने आणि प्रवासाचे सामान तेवढे चालते. स्वतः धंद्याच्या कामाला जाणे वेगळे आणि गिऱ्हाइकांच्या चार जळालेल्या मोटारी भरून आणणे वेगळे. म्हणून जड मोटारी आता पिवळ्या पाटीच्या टेम्पोतून येतात.

आमच्या नात्यातल्या एका घरची खासगी जीप बाजारच्या दिवशी वडापाला जाई. ती उलटली आणि विमा कंपनीने नुकसानभरपाई नाकारली. अशाच एका खटल्यात २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने, दावा सरसकट फेटाळू नये, काही अंशी तरी रक्कम द्यावी, असे ठरवले होते. पण त्यासाठी मालकाला थेट दिल्लीपर्यंत जावे लागले. आपल्यापैकी किती जण जातील? शेजारच्या आजाऱ्याला दवाखान्यात अवश्य न्या, पण पैसे घेऊन माणसे बसवू नका.

पिवळ्या पाटीची लहान गाडी घ्यायची तर परवाना नवा लागेल का, असे पुष्कळ जण विचारतात. हलक्या वाहनाचा परवाना असलेल्याला साडेसात हजार किलोपर्यंतच्या वाहतुकीच्या गाडीसाठी वेगळी नोंद लागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये कायम केले आहे.

भगिनींनो, गाडी घरच्या पुरुषाने चालवली तरी वही तुम्ही चालवू शकता. येत्या पहिल्या तारखेला काट्यावरचा आकडा लिहा आणि तीन महिने नेमाने लिहीत राहा. आमच्याकडे दुधाचे बिल आता पुरते थोरलीच्या खात्यात जाते. ती दुसऱ्या वर्षाला आहे.