डबी आणि डुक्कर

दिवाळीला तुडीलला गेलो, तर चिरंजीवांनी नवाच खेळ काढला. रानात डबी लपवायची, तिचे अक्षांश-रेखांश सांगायचे आणि दुसऱ्याने मोबाइलच्या आधाराने ती हुडकायची! सन २००० मध्ये अमेरिकेत निघालेला हा खेळ. स्वारीने डबी लपवली आणि दिवेलागणीला बहिणीला शोधायला धाडू लागली.

आबा पडवीतून गरजले, "खबरदार! भात उभं आहे. डुकरं उतरतात, अन् त्यांच्यामागे बंदूकवाले."

"पण अमेरिकेत शिकारीच्या दिवसांत तशी पाटी लावतात!"

"इथे १९७२ च्या कायद्यानं परवानगीवाचून शिकार म्हणजे गुन्हा. चोर कधी पाटी लावतो का?"

मी वरमलो. पाटी नसली की वाट मोकळी, असे समजणारा मी मुंबईकर!

दुसऱ्या दिवशी लख्ख उन्हात, लाल-पिवळे कपडे घालून, मोठमोठ्याने गप्पा मारीत आम्ही निघालो. डबी सापडली. दहा पावलांवर ताज्या फांद्यांचा आडोसा होता. आत विड्यांची थोटके. आडोशाचे तोंड नेमके आमच्या वाटेकडे!

परतताना मुलीचा हात मी सोडला नाही. आता डबी परसातल्या फणसाखाली लपते.