अब्बांचा रुमाल

अब्बांची टॅक्सी डिझेलची होती. मगरिबला घरी येत तेव्हा त्यांचा रुमाल काळा झालेला असे, रात्रभर खोकला. ‘स्मोक अफेक्टेड रेसिडेंट्स फोरम’ या मुंबईच्या संस्थेने धुराविरुद्ध याचिका केली आणि पुढे उच्च न्यायालयाने जुन्या टॅक्स्यांना सीएनजीसारख्या स्वच्छ इंधनावर यायला सांगितले. अब्बा चिडले, “किटचे पैसे आणायचे कुठून?” अम्मीने बांगड्या गहाण ठेवल्या.

पंपावर रांगेत तास जात. पण रुमाल पांढरा राहू लागला. एकदा अब्बा म्हणाले, “वाटलं होतं, खटला माझ्यावर आहे. धूर तर सगळ्यांत जास्त मीच गिळत होतो.”

बांगड्या सुटल्या. आता धाकटा भाऊ विजेवरची टॅक्सी घ्यायची म्हणतो. अम्मी हसून मनगटाकडे पाहते.