याला रिलीव्हर नाही

शिफ्टचा एक नियम भुसावळजवळच्या दीपनगर वीजकेंद्राच्या वसाहतीत शाळकरी पोरालाही ठाऊक असतो: रिलीव्हर आल्याशिवाय जागा सोडायची नाही. सकाळपाळीचा माणूस उशिरा आला, की रात्रपाळीवाला तारवटलेल्या डोळ्यांनी पॅनेलपुढे बसून राहतो. पण रिलीव्हर येतो, उशिरा का होईना. छातीच्या मधोमध, डावीकडे जरासा कललेला हा मुठीएवढा गडी मात्र एकदा कामावर आला की आला. आईच्या पोटात जेमतेम तीन-चार आठवडे झालेले असतात, चारही कप्पे धड बनलेले नसतात, तेव्हाच त्याची ड्यूटी सुरू होते.

वजन ३०० ग्रॅमच्या आसपास. एका ठोक्याला साधारण ७० मिलिलिटर रक्त लोटतो, म्हणजे मिनिटाला पाच लिटर. दिवसाचे ठोके लाखभर. स्वभाव स्वयंभू. मेंदूच्या हुकमासाठी तो थांबत नाही. उजव्या बाजूच्या वरच्या कप्प्यात पेशींचा एक छोटा पुंजका आहे, तोच विजेची कळ देतो आणि ठोका पडतो. मेंदूकडून येणाऱ्या नसा फक्त ‘जरा उचल’ किंवा ‘जरा दमानं’ एवढंच सांगतात.

रक्त अंगात मुरून संपतं आणि यकृत रोज नवं तयार करतं, असं युरोपात शतकानुशतकं मानलं जाई. विल्यम हार्वीने १६२८ साली साधा हिशेब मांडला: अर्ध्या तासात हृदय जेवढं रक्त लोटतं, तेवढं अख्ख्या शरीरातही नाही. मग तेच रक्त फिरून परत येत असलं पाहिजे. दीपनगरात हे कुणाला पटवावं लागणार नाही. बॉयलरमधली वाफ टर्बाइन फिरवते, कंडेन्सरमध्ये तिचं पुन्हा पाणी होतं आणि फीड पंप तेच पाणी बॉयलरला परत देतो. फक्त तिथे स्टँडबाय पंप असतो आणि ओव्हरहॉलिंगला संच बंद ठेवता येतो.

मग हा गडी दमत कसा नाही? तो विश्रांती घेतो, पण दोन ठोक्यांच्या मध्ये. मिनिटाला ७५ ठोके धरले तर एका ठोक्याचा फेरा ०.८ सेकंदाचा. त्यातले सुमारे ०.३ सेकंद आवळण्याचे, उरलेले सैल पडण्याचे. त्याचं जेवणही मुख्यतः तेव्हाच होतं. कप्पे रक्ताने भरलेले असले तरी भिंतीच्या जाड स्नायूला ते थेट मिळत नाही. महारोहिणीच्या अगदी सुरुवातीला फुटणाऱ्या दोन रोहिण्या त्याला रक्त पुरवतात. डावा खालचा कप्पा आवळतो तेव्हा स्नायूत शिरलेल्या बारीक वाहिन्या दाबल्या जातात. तो सैल पडला की त्या मोकळ्या होतात. शिवाय आलेल्या रक्तातला बहुतेक प्राणवायू तो एरवीही काढूनच घेतो. शिल्लक ठेवत नाही. काम वाढलं की त्याला जास्त रक्तच हवं.

म्हणून मला त्याची काळजी वाटते ती मे महिन्यात. भुसावळकडे पारा ४५ च्या पुढे जातो. घाम यावा, अंग निवावं यासाठी कातडीखालच्या वाहिन्या रुंदावतात. एरवी कातडीला मिनिटाला अर्धा लिटर रक्तही पुरतं. कडक उष्णतेत तिची मागणी सहा-सात लिटरपर्यंत जाऊ शकते. तिकडे घामावाटे रक्तातलं पाणी घटत असतं. भरायला रक्त कमी आणि मागणी दुप्पट, तेव्हा गडी ठोके वाढवतो. अशा दुपारी बॉयलरच्या कामावरून उतरलेल्या कंत्राटी मजुराचं मनगट धरून पाहा. अंगठ्याच्या बुडाशी तीन बोटं टेका. कडुनिंबाखाली बसल्यावरही नाडी बराच वेळ धावत असते. ठोके १२० झाले की फेरा अर्ध्या सेकंदावर येतो, आणि कात्री लागते ती मुख्यतः विश्रांतीला, म्हणजेच त्याच्या जेवणाच्या वेळेला. रोहिणी आधीच चरबीने किंवा तंबाखूने अरुंद झाली असेल, तर तिथेच घात होतो.

म्हणून काम देणाऱ्यांना विनंती आहे: मे महिन्यात जड कामं सकाळी उरका, दुपारी सावली द्या, माठ भरलेला ठेवा, आणि कुणी टेकला तर त्याला कामचोर म्हणू नका. आणि भाऊ, तुमच्या छातीवर दाब आला, कळ डाव्या हातात किंवा जबड्यात गेली, थंड घाम फुटला, तर पित्त समजून सोडा पिऊन झोपू नका. ड्यूटी संपायची वाट पाहू नका. १०८ ला फोन लावा.